एकशे साठ तास आणि तुरीच्या शेंगा

१ डिसेंबर २०२५, सोमवार

नागपूरच्या तमाम गेटवाल्या नागरिकांनो! तुम्ही सोसायटीत राहत असा, दवाखान्यात जात असा, मॉलमध्ये फिरत असा, तुमचं-माझं दुखणं एकच आहे. आज आपल्या प्रत्येक फाटकावर गणवेशातला एक माणूस उभा आहे. तो आपल्याला का अडवतो हे त्याला ठाऊक नाही, आणि का सोडतो तेही ठाऊक नाही. वीस वर्षांपूर्वी असा माणूस फक्त बँकेच्या दारात दिसायचा. आज देशात पोलिसांपेक्षा खाजगी गार्ड जास्त आहेत. एवढी फौज उभी राहिली, तिला शिकवलं कोणी? कोणीच नाही!

(टाळ्या.)

टाळ्या मीच लिहिल्या. दैनंदिनीला श्रोते नसतात, ही हिची मोठी उणीव. पण घशाच्या डॉक्टरांनी महिनाभर भाषणबंदी केली आहे. एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात मी इतरांना शांतता राखायला सांगितलं आणि संध्याकाळी सभा गाजवल्या. आता माझ्यावरच शांततेची पाटी लागली. म्हणून ही वही.

आज मात्र बंदी मोडायचं ठरलं. आमच्या कॉलेजचा जुना विद्यार्थी सुशील लष्करात सतरा वर्षं काढून परतला. त्याने सुरक्षा एजन्सी काढली आहे, 'जागल सुरक्षा सेवा'. शेतात रानडुकरं येऊ नयेत म्हणून रात्र जागून काढतात ती जागल. नाव मला आवडलं, धंदा नाही. पैसे देणाऱ्याच्या हुकमात राहणारी माणसं, हे मी तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींसमोर दहादा सांगितलं आहे. सुशील तेच ऐकून आला होता.

"सर, तुमचं बरोबर आहे. म्हणूनच तर कायदा आहे ना. गार्डला उभं करण्याआधी शंभर तास वर्गात, साठ तास मैदानात शिकवायचं. कमीत कमी वीस कामाचे दिवस. बाकीचे एका दुपारी सर्टिफिकेट छापून देतात. मी खरं शिकवणार आहे. तुम्ही या."

सक्करदऱ्यात दोनशे खाटांचा नवा दवाखाना उघडतो आहे. त्याचं काम सुशीलला मिळू शकतं, पण दवाखान्याची अट आहे की सरकारी पडताळणीत प्रशिक्षण खरं ठरलं पाहिजे. पडताळणी २६ तारखेला. बावीस माणसांची नोकरी त्यावर अवलंबून आहे. उद्यापासून सुरू केलं तर २४ला बरोबर वीस दिवस होतात. एक दिवसही हुकला तर खेळ संपला.

मी हो म्हटलं. सुभद्राला सांगितलेलं नाही. डॉक्टरचं नाव घेऊन ती मला घराबाहेर पडू देणार नाही. वाचनालयात जातो म्हणून सांगीन. ही वही कायद्याच्या जाड ग्रंथांमागे ठेवतो. त्या कपाटाला ती कधी हात लावत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

निघताना सुभद्राने हातात थर्मास दिला. "ज्येष्ठमधाचा काढा आहे. वाचनालयात गारठा असते, घोट-घोट प्या." तिला कसलाही संशय आलेला नाही. बिचारी.

वर्ग एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात भरतो. नवरानवरीच्या स्टेजवर मी उभा, समोर बावीस जण. बहुतेक कुही आणि पारशिवनीकडचे, सात बायका. मी भाडोत्री सैन्यापासून सुरुवात केली. अठराशे सतरा साली भोसल्यांचा राजा इंग्रजांना शरण गेला, तरी त्याचे भाड्याचे अरब शिपाई याच नागपूर शहरात आठवडाभर लढत राहिले! राजा गेला तरी फौज ऐकेना! हीच आहे खाजगी बळाची गोष्ट! तीन तास बोललो. हॉल स्तब्ध होता.

जेवणाच्या सुट्टीत पारशिवनीचा दुर्गेश जवळ आला. उंच, खांदे रुंद, मिशा पोलिसी.

"सर, तुमचा आवाज लई गोड आहे. आमच्या जागलीवर रेडिओ राहे, अगदी तसाच."

"ऐकत होतास ना?"

"हाव सर. लागला ना डोळा मस्त."

मागच्या रांगेतून कुहीच्या सोनिकाने हात वर केला. बुटकी, आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागलं. "सर, एखादा म्हणाला, मी डॉक्टरचा साला आहो, मले जाऊ दे, तर काय म्हणाचं?"

मी नागरिकाच्या समानतेवर वीस मिनिटं बोललो. ती "हो सर" म्हणाली. पण तिच्या वहीत एक अक्षरही उतरलं नाही. खरं सांगायचं तर उत्तर मलाही येत नव्हतं. सभेत मला कोणी अडवत नाही आणि मी कोणाला अडवत नाही. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

३ डिसेंबर, बुधवार

अजब झालं. सकाळी सुभद्रा पदर खोचून दारात उभी. "मले बी घेऊन चला. घरी बोर होते."

"वाचनालयात?"

"त्या मंगल कार्यालयात, अजी."

सुशीलने सांगितलं असणार. त्याच्या पोटात काही राहत नाही. मी रागावलो, पण ती म्हणाली, "मी मागं बसतो चुपचाप. तुरीच्या शेंगा सोलायच्या आहेत." दोन किलो शेंगांची पिशवी घेऊन आली आणि शेवटच्या रांगेत बसली.

माझ्या घशाबद्दल एक शब्दही काढला नाही. काढा मात्र आज दुप्पट होता.

५ डिसेंबर, शुक्रवार

गणवेशावरचा धडा. दुर्गेशला खाकी हवी. "वर्दी पाहून लोक टरकले पाहिजे सर, नाही तं काय मजा?"

मी म्हणालो, "दुर्गेश, पोलिसांसारखा किंवा लष्करासारखा गणवेश घातलास तर तो गुन्हा आहे. का, माहीत आहे? तुला कोणी निवडून दिलेलं नाही, कोणी न्यायाधीश तुझ्या पाठीशी नाही. तुला मारायचा अधिकार नाही. कोंडून ठेवायचा नाही. चोर सापडला तर पोलिसांना बोलवायचं, तोवर त्याला पाणी पाजायचं. तुझ्या हातात फक्त शिट्टी आहे आणि तुझी बुद्धी आहे. ज्या दिवशी लोक तुला घाबरतील, त्या दिवशी तू हरलास!"

यावेळी कोणीच झोपलेलं नव्हतं. दुर्गेश मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "म्हणजे दंडा शोभेलेच?"

"शोभेलाही नको."

"मग डुक्कर आलं तं?"

सगळे हसले. मीही. आमच्या सोनिकाने मात्र हसता-हसता एक गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी दुसऱ्या एका एजन्सीने तिला एका लग्नाच्या हॉलवर उभं केलं होतं. वरात आली, गर्दी लोटली, ही खाली पडली. दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. "माझ्या नावानं सर्टिफिकेट आहे सर, एकशे साठ तासाचं. मी एक तासही गेली नव्हती. यावेळी खरंच शिकाचं आहे मले."

तिची मुलगी सक्करदऱ्यातल्या मावशीकडे राहून शिकते. हा दवाखाना मिळाला तर माय-लेक एका घरात राहतील. म्हणून ती रोज पहिली येते.

६ डिसेंबर, शनिवार

चहाच्या सुट्टीत सगळ्या बायका सुभद्राभोवती कोंडाळं करतात. शेंगा सोलता-सोलता खिदळतात. मी पुढच्या धड्याची टिपणं काढत असतो, माझं लक्ष उडतं. आज तर दुर्गेशही जाऊन बसला. काय बोलतात कोण जाणे. सुभद्रा आयुष्यभर मुलींच्या वसतिगृहाच्या गेटवर बसली. बत्तीस वर्षं, हातात एक रजिस्टर. सोपी नोकरी. तिच्याजवळ गप्पांचा साठा असणारच. पण हा वर्ग आहे, पाणवठा नव्हे.

संत्री घेतली. डिसेंबरात वांग्याचं भरीत अजून एकदाही झालं नाही, याची खंत इथे नोंदवतो.

७ डिसेंबर, रविवार

आज वरणात मीठ नव्हतं. सुभद्राच्या हातून असं कधी होत नाही. वय होत चाललं.

भरीतही झालं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

विजय! काल मी माणसाच्या प्रतिष्ठेवर चार तास बोललो आणि आज त्याचं फळ दिसलं. स्टेजपुढे टेबल-खुर्ची मांडून आम्ही खोटं गेट तयार केलं. मी रागीट नातेवाईक झालो. नाटकात मी कधीच कमी पडत नाही.

"सरको! माझा बाप वर आहे! तू कोण मला अडवणारी?"

सोनिका उठली. हसली नाही, घाबरली नाही. खुर्ची पुढे केली. "काका, बसा आधी. पाणी घ्या. तुमचं नाव काय?"

"नाव कशाला पाहिजे?"

"वर कळवाले. तुमच्या बाबांचं बी नाव सांगा. मी फोन लावते, तोवर बसा."

आणि मी बसलो! खरंच बसलो. नाव सांगितलं. पाणी प्यालो. राग कुठे गेला ते मलाच कळेना.

"हे कुठून सुचलं गं?" मी विचारलं.

"नाव सांगितलं की माणूस अर्धा थंडा होते सर. बसला की पुरा. आणि पहिला शब्द 'नाही' नसावा. 'नाही' ऐकलं की माणूस भांडाले तयार होते."

केवढी नेमकी मांडणी! माझ्या चार तासांच्या भाषणाचं सार तिने चार वाक्यांत आणलं. चांगल्या वक्त्याचं लक्षणच हे, की श्रोत्याला ते आपलंच वाटावं. मागे सुभद्रा खाली मान घालून शेंगा सोलत होती. तिला खोकला आला असावा, पदर तोंडावर धरला होता.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पारशिवनीच्या मंडळींनी आज आम्हाला शिकवलं. मैदानी तास सक्करदऱ्याच्या नव्या दवाखान्यात होता, तिथे अजून रंगकाम चालू आहे. सुशील वायरलेस देत होता, ते बंद पडलं. दुर्गेश म्हणाला, "कायले पाहिजे जी? आमच्या जागलीले आम्ही हाळी देतो." एका शेतातला हाळी देतो, पुढच्या शेतातला उत्तर देतो, त्याच्या पुढचा त्याला. गावाच्या शेवटापर्यंत कोण जागं आहे ते कळतं, आणि उत्तर आलं नाही तर पुढचे धावून जातात. दवाखान्याच्या चार गेटांवर त्यांनी करून दाखवलं. ह्हो-हो, ह्हो-हो. आवाज तळघरातून गच्चीपर्यंत फिरून आला. रंगारी शिडीवरून खाली पाहू लागले.

सुशील म्हणाला, "दवाखान्यात ओरडता येणार नाही."

"मग शिट्टी, हळू," सोनिका म्हणाली. "दोनदा. उत्तर नाही आलं तर जाऊन पाहाचं."

लिहून घेतलं. आगीच्या सरावात हीच पद्धत वापरायची.

काही पुस्तकात नसतं, हे कबूल.

१५ डिसेंबर, सोमवार

गौरांग नावाचा एक गृहस्थ सुशीलकडे आला. दुसऱ्या एजन्सीचा, पांढरे बूट, बोटात किल्ली फिरवतो. मी बाजूलाच बसलो होतो.

"सुशीलभाऊ, काहून एवढी मेहनत? एक दुपार, बावीस सर्टिफिकेटं, फोटो-बिटो सगळं. मी तीस लोक असेच उभे केले. कोण पाहाले येते?"

सुशीलने त्याला चहा मागवला. ते मला आवडलं नाही. मी म्हणालो, "साहेब, तुमच्या त्या तीस लोकांपैकी एकाला विचारा, आग लागली तर आधी कुठला दरवाजा उघडायचा. त्याचं उत्तर ऐका आणि मग रात्री झोपून दाखवा."

"सर मोठे आहेत," तो उठत म्हणाला. "पण सर, एक दिवस हुकेलच तुमचा. तवा या माझ्याकडे."

घसा आज जड आहे. आवाज फाटतोय. सुभद्राला कळू देत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार, सकाळ

आवाज गेला. पूर्ण गेला. आरशासमोर 'बंधूंनो' म्हटलं, फक्त हवा आली.

आज चौदा दिवस पूर्ण होणार होते. सुशीलला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं, "सर, आराम करा. रजिस्टरवर आजचा वर्ग टाकून देतो, मुलं सांगणार नाहीत."

नाही! एक खोटा दिवस टाकला की आपण गौरांगच. मी तसंच त्याला लिहून पाठवलं. पण दिवस हुकला तर बावीस जण घरी जातील. सोनिका परत कुहीला जाईल आणि तिची मुलगी मावशीकडेच राहील. तिने आजवर एकही तास चुकवला नाही आणि माझ्यामुळे तिची नोकरी जाणार. मला खरं बोलायचं आहे आणि बोलायला आवाज नाही. माझ्याऐवजी उभं राहील असं या शहरात कोणीही नाही. काय करू, कळत नाही. औषधाने गुंगी येते आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

उठलो तेव्हा एक वाजला होता. घरात सुभद्रा नाही. गॅसवर भांडं झाकून ठेवलेलं, त्यात भरीत! हिरव्या मिरचीचं, पातीच्या कांद्याचं. सोबत दोन भाकरी. माझ्या आवडीची आठवण तिला नेमकी आजच व्हावी, हा योगायोग.

जेवून हॉलवर गेलो. दारातच थबकलो. स्टेज रिकामं होतं. खाली, सगळ्यांच्या मधोमध एका खुर्चीवर सुभद्रा बसली होती. समोर टेबल, टेबलावर रजिस्टर. बाकीचे गोल करून.

मी हळूच शेवटच्या रांगेत बसलो. पायाशी शेंगांची पिशवी होती. सोलू लागलो.

"हं, दुर्गेश," ती म्हणाली. "पोरीचा भाऊ म्हणून एक माणूस आला. भाऊ नाही, तुले माहीत आहे. तू काय करशीन?"

"हाकलून लावीन ना काकू."

"अन् थो खरंच भाऊ असन तं? चेहऱ्यावरून कळते काय?"

"नाही कळत."

"मग पोरीले विचार. गेटवर नाही, आतमंदी. तिनं 'माझा भाऊ आहे' म्हटलं तरी तिच्या हाताकडं पाहाचं. हात थरथरले तं समज. एकदा एक पोरगी 'हाव, भाऊच' म्हणाली अन् रजिस्टरवर स्वतःचं नाव चुकीचं लिहिलं. मी म्हटलं, बाई, तुले आत काम आहे, वॉर्डनबाईनं बोलावलं. तिले आत नेऊन बसवलं. मग पोलिसात फोन."

सोनिका लिहीत होती, ओळीमागून ओळ.

"अन् एक ध्यानात ठेवा. रजिस्टर लोकायसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. कोण आत आहे हे माहीत नसन तं आग लागल्यावर कोणाले काढसान?"

आगीचा मुद्दा! तो मी गौरांगला ऐकवला होता!

एकच सांगतो, मी थक्क झालो. बाराएक दिवस मागच्या रांगेत बसून सुभद्राने माझी सगळी पद्धत आत्मसात केली. काय ग्रहणशक्ती! मी तिला कधी भाषणाला घेऊन गेलो नाही, याची आज खंत वाटली.

घरी येताना मी कागदावर लिहिलं, 'उत्तम. कुठे शिकलीस?' तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि इतकी हसली की रिक्षावाल्याने आरसा वळवला. "अजी, तुमी ना..." एवढंच म्हणाली.

१८ डिसेंबर, गुरुवार

आवाज कुजबुजीइतका परत आला. डॉक्टर म्हणाले, एक तास बोला, जास्त नाही. आता दुपारचे सगळे तास सुभद्रा घेते. सुशील रजिस्टर घेऊन आला.

"सर, सतरापासून शिकवणाऱ्याच्या रकान्यात कोणाचं नाव टाकू? काकूंचं टाकलं तर विचारतील, काकू कोण."

"विचारू दे," मी कुजबुजलो. "सुभद्रा मनोहरराव गिरडे. पूर्ण नाव. ठळक."

२६ डिसेंबर, शुक्रवार

पडताळणी झाली! नीट लिहितो.

पडताळणीच्या अधिकारी कामिनी मॅडम दवाखान्यात आल्या. चाळिशीच्या, चष्मा, कपाळावर आठी. मी अकरा पानांचं स्वागतपर भाषण खिशात ठेवलं होतं. त्यांनी हाताने थांबवलं. "भाषण नको. कागदही नंतर. गेट लावा."

टेबल मांडलं. सोनिकाला बसवलं. मॅडम स्वतः आल्या, एकदम ओरडत. "माझी आई आयसीयूत आहे! वेळ-बिळ मला सांगू नका!" काय अभिनय! मी उठून उभा राहिलो.

"ताई, बसा. पाणी घ्या. आईचं नाव सांगा, मी वर फोन लावते."

मॅडम बसल्या नाहीत. टेबलावर हात आपटला. "मी मोठी अधिकारी आहे! तुझी नोकरी घालवीन!"

सोनिकाचा आवाज बारीकच होता, पण मागपर्यंत ऐकू आला. "घालवा ताई. पण आत्ता मी तुमच्याच आईजवळ कोणालेही जाऊ देऊन नाही राहिली. उद्या तुम्ही झोपल्या असान, तवा बी नाही देणार."

मॅडम बसल्या. पाणी प्यायल्या. मग वहीत काहीतरी लिहिलं.

दुर्गेशला विचारलं, माणसाने हात उगारला तर? "मागं सरकतो, शिट्टी दोनदा, पोलिस. हात नाही लावत. माझ्याकडं दंडाच नाही मॅडम, शोभेले बी नाही." मग आगीचा सराव झाला. शिट्ट्यांची हाळी सगळ्या मजल्यांवरून फिरली. रजिस्टरवर बावीस नावं, बाहेर बावीस माणसं. सुशील भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता.

मॅडमनी विचारलं, "हे गेटवरचं कोणी शिकवलं?"

बावीस माना मागे वळल्या. मागे कोण आलं, हे बघायला मीही वळलो. मागे सुभद्रा होती. मांडीवर शेंगा.

तेव्हा मला कळलं. चोवीस दिवस उशिरा कळलं. 'पहिला शब्द नाही नसावा', 'नाव सांगितलं की माणूस अर्धा थंडा होते'. ते माझं नव्हतंच. माझ्या भाषणांत असं एकही वाक्य नाही.

अकरा पानं खिशात चुरगळली. मी एवढंच म्हणालो, "मॅडम, कायदा मी सांगितला. गेट हिने शिकवलं. बत्तीस वर्षं ही गेटवर होती, आणि मी आजवर तिला कधी विचारलं नाही, की तिथे काय करायचीस."

सुभद्रा म्हणाली, "शेंगा संपल्या, चहा ठेवू का?"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. पास! सगळे पास! दुर्गेशने मला उचललं. खरंच उचललं, चौसष्टाव्या वर्षी. सोनिका कोपऱ्यात फोनवर मुलीला सांगत होती, "हाव, हाव, तुझ्याच घराजवळ. एक तारखेपासून. रडू नको वं, मी बी नाही रडत." रडत मात्र होती.

जाताना मॅडम म्हणाल्या, "पुढच्या तुकडीला या बाई शिकवणार असतील तर प्रशिक्षक म्हणून अर्ज भरा. रीतसर. असं मागच्या रांगेतून नाही चालणार. आणि सर, पुढच्या तुकडीत बायका चाळीस आहेत म्हणे. एक जानेवारीपर्यंत अर्ज हवा."

२९ डिसेंबर, सोमवार

सुशील फॉर्म देऊन गेला. सुभद्रा हातही लावत नाही.

"मी काय बोलणार बाप्पा सगळ्यासमोर? तुमी बोलता. मी तं गोष्टी सांगतो."

"तेच तर पाहिजे!"

"नाही जमत जी मले. सही-बिही करून मास्तरीण व्हाचं वय आहे काय हे?"

मी चाळीस मिनिटं बोललो. समानतेवर, स्त्रीशक्तीवर, इतिहासावर. ती हाव-हाव म्हणत भाजी निवडत राहिली. फॉर्म टीव्हीवर पडून आहे.

३१ डिसेंबर, बुधवार

आज सकाळी ही वही सहज चाळली. ६ डिसेंबरच्या पानात काहीतरी चिकटलं होतं. तुरीच्या शेंगेचं हिरवं साल. वाळलेलं.

मी त्या पानापाशी पाऊण तास बसलो. मग पहिल्या पानापासून वाचलं. ज्येष्ठमधाचा काढा. 'मले बी घेऊन चला'. 'सोपी नोकरी' असं लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी बिनमिठाचं वरण. भरीत. आणि सतरा तारीख. औषधाच्या गुंगीत मी लिहिलं होतं, माझ्याऐवजी उभं राहील असं या शहरात कोणी नाही, आणि दुपारी ती गोलाच्या मधोमध बसली होती.

बत्तीस वर्षं ज्या बाईच्या नजरेतून एक चिठ्ठी निसटली नाही, तिच्या घरात मी कायद्याच्या ग्रंथामागे वही लपवून ठेवली! मी एवढा हसलो की ती स्वयंपाकघरातून ओरडली, "काय झालं जी?"

काही नाही, म्हटलं.

तर आता. या दैनंदिनीच्या एकमेव श्रोत्या, सुभद्रा! मी समजत होतो इथे कोणी नाही, म्हणून टाळ्या मीच लिहिल्या. आता कळलं, सभा पहिल्या दिवसापासून भरलेली होती आणि तू एकही दिवस चुकवला नाहीस. तुझं-माझं एक दुखणं सारखं आहे. आपण दोघंही जन्मभर दारात उभे राहिलो, मी आरडाओरडा करत, तू गप्प राहून, आणि ऐकून घेतलं ते फक्त माझं. वीस माणसांच्या सभेत मी लोकांना बदलायला निघालो. तू एका खुर्चीवर बसून किती मुलींना घरी सुखरूप पोचवलंस, त्याची मोजदाद कोणाकडेही नाही. तुझ्या रजिस्टरातही नाही, कारण तू त्यात स्वतःचं नाव कधी लिहिलं नाहीस.

सोनिका उद्या सकाळी सात वाजता पहिल्यांदा स्वतःच्या गेटवर बसते आहे. तिच्यामागे चाळीस जणी रांगेत आहेत. त्यांना भाषण नको आहे. कोणता माणूस खोटं बोलतोय हे ओळखायला शिकवणारी बाई हवी आहे, आणि ती या शहरात एकच आहे. मागच्या रांगेतून शिकवायचे दिवस संपले, असं मॅडम म्हणाल्या आहेत.

आज वरणात मीठ घाल किंवा घालू नको. मी वही नेहमीच्या जागीच ठेवतो आहे. उद्या मी मुद्दाम उशिरा उठेन.

फॉर्म या पानाखाली आहे. पेन त्यातच. सही कर.